लोणावळ्याच्या बंगल्याची किल्ली

पेढी, गोदाम आणि राहते घर यांच्यानंतर व्यापारी कुटुंबाच्या मालमत्तेत जी चौथी वास्तू येते, ती पुष्कळदा थंड हवेच्या ठिकाणचा बंगला असते. पुण्यामुंबईच्या अनेक घरांनी लोणावळा, खंडाळा, पाचगणी या ठिकाणी असे बंगले बांधले, तेव्हा मुले लहान होती, उन्हाळ्याच्या सुट्ट्या लांब होत्या आणि आजीआजोबांना महिनाभर तेथे राहण्याचा उत्साह होता. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि अंतर आणखी कमी झाले. गंमत अशी की, अंतर कमी झाले तसे राहणेही कमी झाले. जो प्रवास दीड तासाचा झाला, तो सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याचा झाला. आज यांतील बरेच बंगले वर्षातील तीनशेहून अधिक दिवस बंद असतात आणि बंद घराला लोणावळ्याचा पाऊस माफ करीत नाही. एका पावसाळ्यात गाद्यांना वास लागतो, लाकडी दरवाजे फुगतात, भिंतींवर बुरशीचे नकाशे उमटतात.

मग प्रश्न निघतो तो हा, की बंगला पर्यटकांना मुक्कामासाठी द्यावा काय आणि द्यावयाचा झाल्यास त्याचा कारभार कोणी पाहावा?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एक घर डोळ्यांसमोर ठेवावे. ते अमुक एकाचे नाही, परंतु त्याची लक्षणे बहुतेकांना ओळखीची वाटतील. पुण्यातील तीन भावांचे कुटुंब, कापडाचा व्यापार. तुंगार्लीच्या बाजूस तीन शयनगृहांचा बंगला, वडिलांच्या पश्चात आईच्या नावावर झालेला. आवारातील खोलीत गेली वीस वर्षे राहणारे रखवालदार पतिपत्नी. थोरल्या भावाचे म्हणणे, बंगला कंपनीला ठरावीक भाड्याने देऊन मोकळे व्हावे. मधल्याचे मत, कमिशनवर काम पाहणारी संस्था नेमावी, कारण तिला ग्राहक कसे आणावेत हे कळते. धाकट्याचा आग्रह असा की, संकेतस्थळावर नोंदणी करून घरच्यांनीच कारभार पाहावा, त्यात कठीण असे काहीच नाही. आईचे मत कोणी विचारले नव्हते. मालमत्ता मात्र तिच्या नावावर होती.

व्यापारी घरात चर्चा आकड्यांवर येतेच. यास्तव तीनही मार्गांचा हिशेब मांडून पाहणे योग्य. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत आणि प्रत्येकाने त्या जागी आपल्या बंगल्याचे आकडे घालावेत.

घरच्यांनी कारभार पाहिला आणि वर्षात ९० रात्री सरासरी १२,००० रुपयांनी बंगला गेला, तर एकूण भाडे १०,८०,००० रुपये. संकेतस्थळाचे कमिशन १५ टक्के धरले तर १,६२,०००. रखवालदार दांपत्याचा पगार महिना १८,००० प्रमाणे २,१६,०००. धुलाई, सफाई, वीज व गॅस यांसाठी दर रात्री १,५०० प्रमाणे १,३५,०००. पावसाळ्यापूर्वीची व नंतरची दुरुस्ती १,५०,०००. घरपट्टी, विमा आणि किरकोळ ६०,०००. खर्च ७,२३,००० वजा जाता हाती ३,५७,००० रुपये राहतात.

आता कमिशनवरील संस्था. तिला बाजार ठाऊक असल्याने रात्री १२० झाल्या आणि दर १३,००० मिळाला असे मानावे. एकूण भाडे १५,६०,०००. संकेतस्थळाचे २,३४,००० आधी कापले जातात आणि उरलेल्या १३,२६,००० वर संस्थेचे २५ टक्के म्हणजे ३,३१,५०० जातात. पगार तोच, २,१६,०००. दर रात्रीचा खर्च १,८०,०००. वापर वाढला म्हणून दुरुस्ती २,००,०००. किरकोळ ६०,०००. एकूण खर्च १२,२१,५०० आणि हाती ३,३८,५०० रुपये. उलाढाल ४,८०,००० रुपयांनी वाढली आणि शिल्लक १८,५०० रुपयांनी घटली. कापडाच्या व्यापाऱ्याला हे नव्याने सांगावे लागत नाही, तरीही बंगल्याच्या बाबतीत तो संस्थेच्या माणसाने दाखवलेल्या उलाढालीकडेच पाहत राहतो.

तिसरा मार्ग ठरावीक भाड्याचा. महिना ३५,००० प्रमाणे ४,२०,०००. यातून घरपट्टी व विम्याचे ४०,००० आणि छपरासारख्या मोठ्या दुरुस्तीचे ७५,००० वजा केले तर ३,०५,००० रुपये.

तीनही आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत की, एका पावसाळ्यात छप्पर गळले तर क्रम उलटासुलटा होईल. बंगल्याची किंमत दोन कोटी धरली तर हे उत्पन्न पावणेदोन टक्क्यांच्या आसपास भरते. तीच रक्कम साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत वर्षाला १३ लाख देईल. अर्थात, बंगल्याच्या भाड्याला गुंतवणुकीचा परतावा मानून निर्णय घ्यावयाचा असेल, तर भाड्याऐवजी विक्रीचाच विचार करावा. ज्यांना बंगला ठेवावयाचा आहे, त्यांच्यासाठी हे भाडे म्हणजे घर उभे ठेवण्याचा खर्च भागविण्याचे साधन होय.

कराची बाजू मात्र हा क्रम बदलू शकते आणि तिच्याकडे सही करण्यापूर्वी फारसे कोणी पाहत नाही. २०२४ च्या दुसऱ्या वित्त कायद्याने अशी तरतूद केली की, मालकाने राहते घर भाड्याने दिल्यास ते उत्पन्न व्यवसायाच्या शीर्षाखाली न धरता घरमालमत्तेच्या शीर्षाखाली धरावे. या शीर्षाखाली भरलेली पालिकेची घरपट्टी आणि कर्ज असल्यास त्याचे व्याज वजा होते व त्याखेरीज ३० टक्क्यांची ठोक वजावट मिळते. परंतु कमिशन, पगार, धुलाई, दुरुस्ती हे खर्च वेगळे दाखविता येत नाहीत. वरच्या उदाहरणात घरपट्टी बाजूस ठेवली, तर संस्थेच्या मार्गाने करपात्र उत्पन्न सुमारे १०,९२,००० होईल, हाती मात्र ३,३८,५०० असतील. घरच्या कारभारात करपात्र ७,५६,००० आणि हाती ३,५७,०००. ठरावीक भाड्यात करपात्र २,९४,००० आणि हाती ३,०५,०००. रोजच्या मुक्कामासह न्याहारी, सफाई, सेवा पुरविल्यास तो निव्वळ भाड्याचा व्यवहार न राहता व्यवसाय ठरतो, असे मांडता येते आणि तसे ठरल्यास खर्च वजा होतात. आपला व्यवहार कोणत्या बाजूस पडतो, याचे लेखी मत सनदी लेखापालाकडून आधीच घ्यावे. विवरणपत्र भरण्याच्या वेळी हा प्रश्न विचारणे म्हणजे माल उतरवून घेतल्यावर भाव विचारणे.

वस्तू व सेवा कराची गोष्ट व्यापारी कुटुंबाला अधिक जवळची. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात २० लाख रुपये आहे, म्हणून दहापंधरा लाखांच्या भाड्याला कर नाही, असे सांगितले जाते. नोकरदार मालकाच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. तो स्वतः नोंदणीस पात्र नसेल, तर संकेतस्थळामार्फत आलेल्या मुक्कामावरील कर भरण्याची जबाबदारी कायद्याने संकेतस्थळावर टाकली आहे. परंतु उलाढाल पॅन क्रमांकावर मोजली जाते. दुकान ज्याच्या एकट्याच्या नावावर आहे आणि जो आधीच नोंदणीकृत आहे, त्याच्याच पॅनवर बंगल्याचे भाडे आले, तर पहिल्या रुपयापासून कर त्यालाच भरावा लागतो. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या निवासाला ५ टक्के आणि त्यावरील निवासाला १८ टक्के असा दर आहे. बंगला आईच्या नावावर असेल तर पॅन आईचा, अविभक्त कुटुंबाच्या नावावर असेल तर कुटुंबाचा. करार त्याच नावाने व्हावा आणि पैसे त्याच खात्यात यावेत. आईच्या बंगल्याचे भाडे धाकट्याच्या दुकानाच्या खात्यात जमा करण्याची सवय कित्येक घरांत दिसते. ती प्रेमाची खूण असेल, पण हिशेबाची घोडचूक आहे.

एवढे सर्व मांडून झाल्यावर तिघे भाऊ पुन्हा पहिल्याच जागी आले. तेव्हा जेवणाच्या वेळी आईने एकच गोष्ट विचारली.

“तिथल्या स्वयंपाकघरात काय शिजेल, ते कोण ठरवणार?”

मधला म्हणाला, “आई, संस्थेला आपण सांगू ना, शाकाहारीच पाहुणे पाठवा म्हणून.”

“आणि त्यांनी नाही ऐकलं तर? मला कळणार कसं?”

वस्तुतः तीनही मार्गांतील खरा भेद या प्रश्नात आहे. टक्केवारी किती, यापेक्षा येणाऱ्या पाहुण्याला नकार देण्याचा अधिकार कोणाच्या हाती राहतो, हे पाहिले पाहिजे. घरचा कारभार असेल तर तो अधिकार पूर्णपणे मालकाचा. कमिशनवरील संस्थेकडे तो करारात लिहिला असेल तेवढाच. ठरावीक भाड्याच्या करारात तो जवळजवळ संपतो, कारण बंगला रिकामा राहिला तर नुकसान कंपनीचे आणि ज्याचे नुकसान त्याचा अधिकार, असे कंपनी म्हणणार.

जैन घरांसाठी हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. लोणावळ्यातील गर्दीचा मोठा हंगाम पावसाळ्याचा. भुशी धरणावर माणसे मावत नाहीत, तेच दिवस चातुर्मासाचे. ज्या महिन्यांत घरातील वडीलधारी मंडळी प्रवास टाळतात, पालेभाजीसुद्धा सोडतात, नेमके त्याच महिन्यांत त्यांच्या चुलीवर अनोळखी माणसांचा स्वयंपाक होणार. कुणी तो विचार मनावर घेईल, कुणी घेणार नाही. पण जे घेतील त्यांनी तो करारापूर्वी घ्यावा, पर्युषणात रखवालदाराचा फोन आल्यावर नव्हे.

मांसाहार व मद्य यांना मनाई केली तर मागणी घटते, हे खरे. मित्रांच्या टोळक्यांचे आरक्षण जाते आणि चढे दर देणारी मंडळी पुष्कळदा तीच असतात. परंतु दुसऱ्या बाजूने वृद्धांना घेऊन येणारी कुटुंबे, सूर्यास्तापूर्वी जेवण हवे असलेले, उकळलेले पाणी मागणारे, कांदालसणाविना स्वयंपाक शोधणारे असे पाहुणे अशा घराच्या शोधातच असतात आणि एकदा समाधान झाले की दरवर्षी येतात. त्यांच्या मुक्कामानंतर दुरुस्तीचा खर्चही सहसा कमी निघतो. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक वाजवण्यास २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहेच, तरीही शेजारच्या बंगल्यांतून येणाऱ्या तक्रारींचे मूळ बहुधा त्यातच असते. अट घालावयाची तर ती जाहिरातीत पहिल्या ओळीत असावी. आरक्षणाचे पैसे घेऊन झाल्यावर दारात सांगितलेली अट भांडणाला निमंत्रण देते.

संस्थेशी करार करताना आणखी काही गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे संकेतस्थळावरील नोंद कोणाच्या खात्यातून होते. ती संस्थेच्या खात्यातून असेल, तर दोन वर्षांत पाहुण्यांनी लिहिलेले चांगले अभिप्राय संस्थेकडेच राहतात. करार संपल्यावर मालकाला शून्यापासून सुरुवात करावी लागते आणि हे ठाऊक असल्याने तो करार मोडण्यास कचरतो. दुकानाची पाटी भाडोत्र्याच्या नावाने लावण्यासारखाच हा प्रकार. शक्य असल्यास नोंद मालकाच्या खात्यावर करून संस्थेला केवळ वापराचा अधिकार द्यावा. दुसरी गोष्ट मासिक पत्रकाची. त्यात प्रत्येक मुक्कामाची तारीख, पाहुण्याने दिलेली पूर्ण रक्कम आणि प्रत्येक कपात दिसली पाहिजे, महिन्याची एकच गोळाबेरीज पुरेशी नाही. न विचारता किती रुपयांपर्यंत दुरुस्ती करता येईल, त्याची मर्यादा लिहावी. कुटुंबासाठी राखून ठेवावयाच्या रात्री किती आणि त्यांत दिवाळीची सुट्टी येते काय, हेही लिहावे. सुट्टीच्या दिवसांत मालकालाच आपल्या घरात जागा नाही, असे प्रसंग करार न वाचल्याने येतात.

ठरावीक भाड्याच्या मार्गात धोका वेगळाच. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे व ती जबाबदारी मालकाची आहे. मुदत संपल्यावर लवकर ताबा मिळावा यासाठी कलम २४ मध्ये जी सोय आहे, ती निवासासाठी दिलेल्या जागेपुरती आहे. कंपनी बंगला राहण्यासाठी घेत नाही, व्यवसायासाठी घेते. तेव्हा शहरातील सदनिकेचा छापील करार आणून त्यातील नावे बदलण्याचा मोह टाळावा आणि ताब्याचे कलम वकिलाकडून स्वतंत्र लिहून घ्यावे. कर वाचतो म्हणून हा मार्ग निवडणाऱ्यांनी तर हे अवश्य करावे.

घरच्या कारभाराचे कौतुक सांगणाऱ्यांनाही एक गोष्ट विसरता येत नाही, ती वेळेची. शुक्रवारी रात्री अकराला पाण्याचा पंप बंद पडतो, तेव्हा फोन धाकट्याला येतो. पाहुण्यांच्या ओळखपत्रांची नोंद ठेवणे, परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन पाठविणे, विमा कंपनीला घराचा वापर बदलल्याचे कळविणे ही कामे त्याचीच. घरगुती वापराच्या पॉलिसीवर पाहुणे ठेवून आग लागली, तर दावा अडू शकतो. आवारात तरणतलाव असेल तर कुंपण आणि देखरेख यांत तडजोड नको. लोणावळा परिसरातील बंगल्यांच्या तलावांत लहान मुले दगावल्याच्या घटना घडलेल्या आहेत. केंद्र सरकारच्या न्याहारी व निवास योजनेची वाट काही जण धरू पाहतात, पण तिच्यात मालकाने त्याच घरात राहणे अपेक्षित असल्याने बंद बंगल्याला ती लागू पडत नाही.

रखवालदाराचा विषय निघाला की घरात सर्वांचे आवाज खाली येतात. नवी संस्था आपली माणसे आणते. वीस वर्षे ज्याने पन्हळी साफ केल्या, त्याचे काय, हा प्रश्न करारात कोठेच नसतो. त्याला कोण पगार देणार, तो कोणाचे ऐकणार, त्याची खोली त्याच्याकडे राहणार काय, हे लिहिल्याशिवाय सही करू नये. त्याच वेळी डोळे मिटूनही चालू नये. मालकाच्या नकळत बंद बंगला एका रात्रीसाठी देण्याचे प्रकार थंड हवेच्या ठिकाणी घडतात. दरमहा वीजमीटरचा आकडा छायाचित्रासह मागविण्याची पद्धत ठेवली की, संशय न घेताही बरेच कळते. बंद घराने दोनशे युनिट खाल्ली तर विचारावे.

शेवटी त्या घराने निवडला तो मार्ग तिघांपैकी कोणाचाच नव्हता. लोणावळ्यातच राहणारा, पूर्वी हॉटेलात व्यवस्थापक असलेला आणि चारपाच बंगल्यांची देखरेख करणारा एक गृहस्थ त्यांना मिळाला. टक्केवारीऐवजी महिन्याला ठरावीक रक्कम आणि प्रत्येक मुक्कामामागे थोडी अधिक, असे ठरले. अशा व्यवस्थेत पाहुणा नाकारल्याने देखरेख करणाऱ्याचे फारसे नुकसान होत नाही आणि मालकाच्या दृष्टीने हाच तिचा मोठा गुण. संकेतस्थळावरील नोंद आईच्या नावाने, आरक्षण मान्य करण्याचे काम धाकट्याकडे, पत्रक दरमहा पाच तारखेला. रखवालदार दांपत्याचा पगार थेट आईच्या खात्यातून. मुदत अकरा महिने. थोरल्याला ही रचना फार घरगुती वाटली.

“दादा, तुम्ही एक वर्ष पाहा. नाही जमलं तर तुमची कंपनी आहेच,” धाकटा म्हणाला.

“वर्ष नाही, दिवाळीपर्यंत,” थोरला म्हणाला.

आषाढ लागण्यापूर्वी सामानाची यादी करण्यासाठी तिघे आईला घेऊन तुंगार्लीला गेले. प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढली, भांडी मोजली, गाद्यांवर क्रमांक घातले. स्वयंपाकघरातील आईची भांडी, पाण्याचे गळणे, वडिलांचा तांब्या हे सर्व खोक्यात भरून पुण्यास न्यावयाचे ठरले होते. मधल्याने खोके बांधावयास घेतले तेव्हा आईने गळणे काढून पुन्हा खुंटीवर अडकवले.

“हे राहू दे. येणाऱ्यांनाही पाणी लागेलच,” ती म्हणाली आणि रखवालदाराच्या बायकोला ते रोज कसे धुवावयाचे, ते दाखवू लागली.